तारा आखूड का पडल्या?



आमचा धंदा कापडाचा. विमानाशी आमचा संबंध तिकिटापुरता. तरीही या वेळी विमानाची गोष्ट सांगावयाची आहे, कारण ती वाचताना आम्हाला आमच्याच दुकानातील एक जुना तोटा आठवला. त्या तोट्याचा हिसाब आम्ही चुकीच्या माणसाच्या नावे लिहिला होता, हेही तेव्हाच कळून चुकले.

गोष्ट २००६ सालची. एअरबस या युरोपातील कंपनीने ए-३८० नावाचे दुमजली विमान बांधावयास घेतले होते. प्रवासी विमानांत जगातील सर्वांत मोठे. २७ एप्रिल २००५ रोजी फ्रान्समधील तुलूझ शहरातून त्याने पहिले उड्डाण केले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. आता गिऱ्हाइकांसाठी एकामागून एक विमाने तयार व्हावयाची, तर तेथेच गाडी अडली. इंजिन ठीक होते, पंख ठीक होते. अडविले ते तारांनी.

एका ए-३८० मध्ये सुमारे ५३० किलोमीटर तार असते. वेगवेगळ्या तारांची संख्या एक लाख आणि त्या जोडणारे कनेक्टर चाळीस हजारांहून अधिक. हे विमान एका छपराखाली बनत नसे. पंख वेल्समधील ब्रॉटन येथे, धडाचा पुढील व मागील भाग जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे, नाकाचा व मधला भाग फ्रान्समध्ये, शेपटीचा भाग स्पेनमध्ये. हे मोठाले भाग आधी जहाजाने, मग नदीतून, मग रस्त्याने तुलूझला येत आणि तेथे एकमेकांस जोडले जात. बेत असा की हॅम्बुर्गच्या कारागिरांनी आपल्या भागातील तारांच्या जुड्या आतून बसवून पाठवावयाच्या, आणि तुलूझला फक्त टोकाला टोक मिळवावयाचे.

टोकाला टोक मिळेना. तारा आखूड पडू लागल्या.

हे कसे झाले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. अलीकडे विमानाचा नकाशा कागदावर काढीत नाहीत. संगणकात अख्खे विमान उभे करतात, प्रत्येक खिळ्यासह, आणि ते सर्व बाजूंनी फिरवून पाहतात. त्यासाठी दसॉल्ट या फ्रेंच कंपनीचे ‘कॅटिया’ नावाचे सॉफ्टवेअर आहे. तुलूझचे व ब्रिटनचे इंजिनियर त्याची पाचवी आवृत्ती वापरीत होते; हॅम्बुर्गचे व स्पेनचे लोक चौथी. नाव एकच, म्हणून वरून पाहणाऱ्यास वाटावे की सगळे एकच अवजार वापरतात. परंतु पाचवी आवृत्ती ही चौथीची डागडुजी नव्हती. ती नव्याने लिहिलेली होती, आणि एकीतील नकाशा दुसरीत नेताना काही माहिती वाटेत गळत असे.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. भूमितीत आम्ही ‘मुसल्लस’ आणि ‘ज़ाविया’ म्हणत असू. बाजारात आलो तेव्हा मराठी मुनीम त्यालाच ‘त्रिकोण’ आणि ‘कोन’ म्हणत. त्याने कधी नुकसान झाले नाही, कारण त्रिकोण कोणत्याही भाषेत त्रिकोणच. पण ‘गज’ म्हटले की भांडण. शब्द दोघांचा एकच, आणि गजाची लांबी जुन्या काळी मुलखामुलखात वेगळी. दोन भाषांनी जेवढी फसगत होत नाही तेवढी एका शब्दाच्या दोन अर्थांनी होते. चौथी आणि पाचवी आवृत्ती म्हणजे हाच प्रकार.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडली. वजन वाचविण्यासाठी काही ठिकाणी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारा घातल्या होत्या. ॲल्युमिनियम तांब्याइतके वळत नाही, त्याला वळसा मोठा द्यावा लागतो. आणि वळसा मोठा की लांबी वाढली. हा फरक नकाशात नीट उतरला नाही तर नकाशावर पुरणारी तार प्रत्यक्षात दोन बोटे कमी पडते. दुसरे असे की प्रत्येक विमान कंपनीला आतील मांडणी आपल्या पसंतीची हवी होती. मांडणी बदलली की तारांचा मार्ग बदलतो. एका जागी बदल केला की त्याची खबर चार गावांना जावयास हवी, आणि ती त्याच दिवशी जावयास हवी.

मग व्हायचे तेच झाले. शेकडो जर्मन कारागीर तुलूझला येऊन राहिले आणि बसविलेल्या तारा काढून पुन्हा ओढू लागले, हातांनी. जून २००६ मध्ये उशिराची बातमी फुटली तेव्हा एअरबसच्या मालक कंपनीचा शेअर एका दिवसात २६ टक्क्यांनी घसरला. जुलैत दोन बड्या अधिकाऱ्यांना जावे लागले. ऑक्टोबरमध्ये कंपनीने सांगितले की या उशिरामुळे २०१० पर्यंतच्या नफ्यात ४.८ अब्ज युरोची घट येईल. त्या वेळच्या भावाने सत्तावीस हजार कोटी रुपयांच्या वर. मालवाहतुकीतील फेडेक्स या बड्या गिऱ्हाइकाने दहा विमानांची ऑर्डर रद्द केली आणि त्याऐवजी बोइंगची ७७७ विमाने घेतली. पहिले ए-३८० गिऱ्हाइकाच्या, म्हणजे सिंगापूर एअरलाइन्सच्या, हाती पडले ते १५ ऑक्टोबर २००७ रोजी. पुढे अशी एकूण २५१ विमाने विकली गेली आणि डिसेंबर २०२१ मध्ये शेवटचे देऊन हे काम बंद झाले. बंद पडण्याची कारणे निराळी होती. चार इंजिनांचे एवढे मोठे विमान भरून काढणे कंपन्यांना जड जाऊ लागले. त्याचा दोष तारांवर घालणे योग्य नव्हे. पण सुरुवातीचे ते दोन हंगाम कोणी परत दिले नाहीत.

येथे आमची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेच्या गणवेशाची एक ऑर्डर घेतली. नऊ हजार मीटर शर्टिंग, तयार पन्हा अठ्ठावन्न इंच. ग्रे कापड आम्ही भिवंडीत एका ओळखीच्या विणकराकडे विणावयास दिले, तेथून ते प्रोसेस हाउसला, तेथून कटिंग मास्टरकडे. मधल्या काळात गिऱ्हाइकाने निरोप दिला की मागील वर्षी शर्ट धुण्यात आटले, या वेळी आटता कामा नये. आमच्या मुलाने तो निरोप फोनवर प्रोसेसवाल्यास दिला. प्रोसेसवाला अनुभवी माणूस. कापड स्टेंटरवर ताणून अठ्ठावन्न करावे तर ते धुण्यात आटणारच, म्हणून त्याने पन्हा छप्पन्नवर ठेवला आणि तसे फोनवर सांगितलेही. मुलगा ‘ठीक आहे’ म्हणाला. कटिंग मास्टरला कोणीच काही सांगितले नाही. त्याचा मार्कर अठ्ठावन्न इंचांचा तयार होता.

पहिला ले ऐंशी थरांचा लागला. मदतनिसाने मार्करचा कागद दोन्ही कडांना एकेक इंच बाहेर लोंबताना पाहिला, पण काठाचा भाग असेल असे समजून गप्प राहिला. कापल्यावर कडेच्या सगळ्या बाह्या तोकड्या. पुढे छप्पन्नचा नवा मार्कर काढला, तर कापड तीन-साडेतीन टक्के जास्त लागू लागले. म्हणजे तीनशेहून अधिक मीटर, आणि त्याच शेडचे कापड आता आणावयाचे कोठून? शाळा जूनमध्ये उघडली, शर्ट जुलैत गेले. बिलातून मोठी रक्कम कापली गेली.

आम्ही रागात विणकराचे पैसे अडकविले. आम्ही म्हणालो, तुझ्या कापडाचा पन्हा कमी आला. तो बिचारा सांगत राहिला की शेठ, मी ग्रे त्रेसष्ट इंच दिले, चलनावर लिहिले आहे, तुम्ही मोजून घेतले आहे. आम्ही तीन महिने त्याचे ऐकले नाही. त्या तीन महिन्यांत त्याने सूतवाल्याकडून उधारी कशी भागविली, हे आम्ही विचारलेही नाही.

आता हिसाब पाहा. विणकराने सांगितले तेच विणले. प्रोसेसवाल्याने गिऱ्हाइकाच्या भल्याचेच केले. मास्टरने हातातील कागदाप्रमाणे कापले. आपापल्या कामात तिघेही खरे. बिघाड तिघांच्या मधल्या जागेत होता, आणि ती जागा कोणाच्या ताब्यात नव्हती. खरे तर ती आमची होती. हॅम्बुर्ग आणि तुलूझ यांच्यामध्येही अशीच एक जागा मोकळी राहिली होती.

ज्यांनी हे काम चांगले केले त्यांचेही पाहू. अमेरिकेतील बोइंग कंपनीने ऑक्टोबर १९९० मध्ये ७७७ विमानाचे काम सुरू केले, तेच विमान ज्याच्याकडे पुढे फेडेक्स वळली. तेव्हापर्यंत रिवाज असा होता की नकाशे कागदावर काढावयाचे आणि भाग एकमेकांत बसतात की नाही हे पाहण्यासाठी लाकडाचे किंवा पत्र्याचे पूर्ण मापाचे खोटे विमान बांधावयाचे. पाइपच्या जागेतून तार जाते, असे घोटाळे त्यात दिसत. ७७७ च्या वेळी सर्व भाग कॅटियातच उभे केले. दोन भाग एकाच जागेवर आले की संगणक दाखवी. नाकाचा नमुना खात्रीसाठी बांधून पाहिला, संपूर्ण खोटे विमान मात्र बांधले नाही. १२ जून १९९४ रोजी विमान उडाले आणि जून १९९५ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या सेवेत रुजू झाले.

लोक यातून संगणकाचे कौतुक तेवढे उचलतात. आम्हाला दुसरी गोष्ट मोठी वाटते. बोइंगने सुमारे २४० तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीत नकाशा काढणारा, तो भाग बनविणारा, सुटे भाग पुरविणारा असे सगळे एकत्र बसविले. आधी रीत अशी की नकाशावाले नकाशा काढून कारखान्याकडे सरकवीत आणि कारखानेवाले नंतर कपाळावर हात मारीत. शिवाय आठ विमान कंपन्यांच्या लोकांना सुरुवातीपासून बोलाविले. त्यांच्यातील जाणत्यांनी दाखवून दिले की इंधन भरण्याची जागा एवढी उंच आहे की आमच्या गाड्या तेथपर्यंत पोहोचणार नाहीत. जागा बदलली गेली. हा बदल नकाशात फुकट होतो. विमान बांधून झाल्यावर याच्यासाठी किती पैसे मोजावे लागले असते?

आणि नुसत्या सॉफ्टवेअरने भागत नाही, याचा दाखला पुन्हा बोइंगनेच दिला. पुढे ७८७ विमानाच्या वेळी कंपनीने मोठमोठे भाग जपान, इटली, अमेरिका येथील इतर कंपन्यांना आखणीसह देऊन टाकले. सॉफ्टवेअर तर आता सगळ्यांचे एक होते. ८ जुलै २००७ रोजी थाटामाटात विमान बाहेर काढले, पण ते आतून रिकामे आणि कच्च्या खिळ्यांवर उभे होते. उडाले डिसेंबर २००९ मध्ये. पहिले गिऱ्हाइकास मिळाले ते सप्टेंबर २०११ मध्ये, सुमारे तीन वर्षे उशिरा. अवजार एक झाले, पण दुसऱ्याच्या आवारात काम खरोखर कोठवर आले आहे हे वेळेत दिसले नाही.

मग हे मोठे लोक करतात तरी काय? त्यांच्या पद्धती पुष्कळ आहेत. कामांचे वेळापत्रक मांडण्याची ‘पर्ट’ पद्धत तर अमेरिकन नौदलाने १९५८ मध्ये पोलारिस क्षेपणास्त्रासाठी काढली होती आणि ती आज प्रत्येक इंजिनियरिंग कॉलेजात शिकवितात. तिच्याविषयी आम्ही येथे अधिक लिहीत नाही. आमच्या उपयोगाच्या आम्हाला दोन-तीनच वाटल्या.

पहिली म्हणजे चौकटींचा तक्ता. डोनाल्ड स्टुअर्ड या अमेरिकन अभ्यासकाने १९८१ मध्ये हा मांडला. तो वहीच्या पानावर होतो. कामे ज्या क्रमाने होतात त्या क्रमाने डावीकडे खालोखाल लिहावीत: सूत, सायझिंग, विणाई, प्रोसेस, कटिंग, शिलाई. तीच नावे त्याच क्रमाने वर आडवी लिहावीत. मग एकेक ओळ घेऊन विचारावे, या कामास माहिती कोणाकडून लागते? जेथून लागते त्या घरात फुली मारावी. कटिंगला पन्हा प्रोसेसकडून कळतो. प्रोसेस आधीचे काम, तेव्हा ती फुली तिरप्या रेघेच्या खाली पडते. तेथे चिंता नाही. पण विणाईवाल्याने ग्रे पन्हा किती ठेवावा हे ठरते प्रोसेसमध्ये कापड किती आकसणार त्यावर, आणि प्रोसेस तर नंतर. ही फुली रेघेच्या वर पडते. प्रोसेसने कोठवर आकसू द्यावे हे मास्टरच्या मार्करवर अवलंबून, ती फुलीही वरच. रेघेच्या वरची प्रत्येक फुली म्हणजे अंदाजाने केलेले काम. अंदाज खरा ठरला तर वाहवा, नाही तर आमच्यासारखी गत.

आम्ही हा तक्ता जुन्या ऑर्डरसाठी मांडून पाहिला. विणाई, प्रोसेस आणि कटिंग या तिघांची गाठ स्पष्ट दिसली. बीम भरण्यापूर्वी या तिघांना एकदा एका ठिकाणी चहाला बसविले असते तर अर्ध्या तासाचे काम होते. पंचवीस वर्षे धंदा करून आम्ही त्या तिघांना एकत्र कधी पाहिले नव्हते. त्यांनीही एकमेकांना पाहिले नव्हते.

दुसरी गोष्ट जोडाचा कागद. मोठ्या कामात जेथे एकाचा भाग दुसऱ्याच्या भागास मिळतो तेथे एक लेखी करार असतो: येथे भोक एवढे, तार एवढी लांब, माप अमुक एककात. त्यावर दोन्ही बाजूंची सही, आणि त्या जोडाचा एक धनी नेमलेला. एकक लिहिणे क्षुल्लक वाटेल. अमेरिकेच्या नासाने मंगळाकडे पाठविलेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी याच कारणाने गमावले. एका कंपनीचे सॉफ्टवेअर धक्क्याचे आकडे पाउंडाच्या मापात देत होते आणि घेणारे ते न्यूटनचे समजून चालले होते. दोहोंत जवळजवळ साडेचार पटीचा फरक. नऊ महिने ही तफावत थोडी थोडी साचत गेली आणि यान ठरल्यापेक्षा फार खालून मंगळाच्या हवेत शिरले. ज्याने कधी वाराच्या भावात मीटरचा माल दिला आहे, त्याला हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. हजार वार म्हणजे ९१४ मीटर.

तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत अवघड, बदलाची शिस्त. मोठ्या कामात नकाशा बदलला की त्याचा क्रमांक बदलतो, तारीख पडते, कोणी व का बदलला हे लिहिले जाते आणि जुना नकाशा सगळ्यांच्या हातून काढून घेतला जातो. फोनवरचा ‘ठीक आहे’ तेथे चालत नाही. आता तर व्हॉट्सॲप आले आहे. बांधव म्हणतील की सगळे लिहिलेलेच असते. असते खरे. पण एका ऑर्डरचे दोनशे मेसेज, पाच फोटो, त्यातील कोणता शेवटचा? एअरबसकडेही माहितीचा दुष्काळ नव्हता.

गिऱ्हाइकाची मागणी लिहितानाच ती तपासावयाची कशी हेही ते लिहून ठेवतात. ‘कापड आटू नये’ ही मागणी नव्हे, ती इच्छा झाली. ‘तीन धुण्यांनंतर पन्ह्यात दोन टक्क्यांहून अधिक घट नको’ असे लिहिले की प्रोसेसवाला लगेच विचारील, मग तयार पन्हा किती धरू? त्या एका प्रश्नाने आमचे जुलैपर्यंतचे रामायण वाचले असते.

आमचे काही बुजुर्ग व्यापारी म्हणतात की आपल्या बाजारात जबान चालते, एवढे कागद केले तर समोरच्यास वाटेल की भरवसा उडाला. आम्हालाही आधी तसेच वाटे. परंतु देण्याघेण्याचे लिहून ठेवावे ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. आणि जबान पक्की असूनही गोंधळ झाला, हेच तर आमच्या बाबतीत घडले. कोणी शब्द मोडला नव्हता. विणकराच्या बाजूने एक चलन होते म्हणून तो निदान काही दाखवू शकला. आमच्याकडे दाखविण्यास काहीच नव्हते.

त्या विणकराचे पैसे आम्ही शेवटी दिले. नंतर हे सर्व वाचल्यावर त्याच्या कारखान्यात जाऊन चूक आमची होती हेही सांगितले. तो काही बोलला नाही, चहा मागविला. पुढील वर्षी त्याने आमचे काम घेतले नाही. हात रिकामे नाहीत म्हणाला. त्याच्या पुढच्या वर्षी घेतले.

आता प्रत्येक ऑर्डरला आमच्याकडे एक पान असते. ग्रे पन्हा, तयार पन्हा, किती आकसणार, मार्करचा पन्हा, मीटर की वार, शेडचा तुकडा टाचलेला, आणि वर कोपऱ्यात मोठ्या आकड्यात कागदाचा क्रमांक. बदल झाला की नवा कागद, नवा आकडा, चौघांना प्रत, जुना फाडावयाचा. खर्च झेरॉक्सचा. पहिल्या हंगामात सर्वांनी आम्हाला हसून घेतले. मास्टर तर कागदावर पान ठेवून खात असे.

गेल्या हंगामात एके सकाळी दुकान उघडण्यापूर्वीच त्या विणकराचा फोन आला. बीम मागावर चढवावयाचा होता, माणसे उभी होती. तो म्हणाला, “शेठ, माझ्याकडे तीन नंबरचा कागद आहे. चौथा निघाला काय?”

निघाला होता. आदल्या संध्याकाळी. त्याची प्रत आमच्या टेबलावर पेपरवेटखाली पडून होती.